ऑपरेशननंतरची तिसरी रात्र

मोतीबिंदूचं ऑपरेशन आज सकाळी होतं आणि दुपारी माणूस काळा चष्मा लावून घरी वरणभात जेवत असतो. १९५०च्या दशकात तसं नव्हतं. ऑपरेशननंतर डोळा जराही हलून चालत नसे. म्हणून ऑपरेशन एकाच डोळ्याचं असलं तरी पट्टी अनेकदा दोन्ही डोळ्यांवर बांधत, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावत आणि म्हाताऱ्या माणसाला दिवसच्या दिवस उताणं पडून राहायला सांगत. अशा काही रुग्णांच्या बाबतीत मग विलक्षण प्रकार घडे. जन्मभर शांत आणि समंजस असलेला माणूस रात्री अचानक उठून बसे, पट्ट्या ओरबाडे, खोलीत परकी माणसं शिरलीत म्हणून ओरडे. डॉक्टरांनी या अवस्थेला ‘काळ्या पट्टीचा भ्रम’ असं नाव दिलं होतं. एव्हरी वाइसमन आणि थॉमस हॅकेट या बॉस्टनच्या दोन मनोविकारतज्ज्ञांनी १९५८ साली त्यावर एक शोधनिबंध लिहिला. त्यांचा भर औषधावर नव्हता. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात ओळखीचं, विश्वासाचं नातं जुळवणं हाच त्यांनी उपाय मानला आणि हाच प्रतिबंधही.

हे वाचलं की मी थक्क होतो. शस्त्र मेंदूच्या वाटेलाही गेलं नव्हतं. डोळ्यातलं एक गढूळ झालेलं भिंग काय ते काढलं होतं. तरीही सत्तर वर्षं घट्ट उभं असलेलं मन दोन कापडी पट्ट्यांनी ढासळलं. आपण कोण, कुठे आहोत, आज वार कोणता, समोरचं माणूस आपलं की परकं, हे सगळं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मेंदू हे भान क्षणाक्षणाला नव्याने उभं करत असतो. खिडकीतला उजेड, भिंतीवरचं घड्याळ, ओळखीचा आवाज, पायाखालची जमीन हे सारं तो त्यासाठी सतत वापरतो. तरुणपणी त्यातलं काही काढून घेतलं तरी फारसं बिघडत नाही. म्हातारपणी, ऑपरेशननंतर, सगळंच एकदम काढून घेतलं जातं.

तरुण मेंदूचीही परीक्षा झालेली आहे. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्या प्रयोगशाळेत १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला धडधाकट विद्यार्थ्यांना दिवसाला वीस डॉलर देऊन नुसतं पलंगावर पडून राहायला सांगितलं होतं. डोळ्यांवर धूसर चष्मा, हातांवर पुठ्ठ्याची नळकांडी, कानाशी उशी. जेवणाखाण्याची पूर्ण सोय होती आणि पैसे तर फुकटचेच. तरीही बहुतेकांना दोन-तीन दिवसांपलीकडे ते सोसेना. कित्येकांना चित्रं दिसू लागली. एकाला तर खांद्यावर पोती टाकून शिस्तीत चाललेली खारींची मिरवणूक दिसली! ही विशीतली, निरोगी मुलं होती.

आता त्यांच्या जागी ऐंशीच्या आजी ठेवून बघा. न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनला नेताना चष्मा काढला, कवळी काढली, कानातलं मशीन काढून मुलीच्या पर्समध्ये गेलं. रात्रीपासून पोटात अन्नपाणी नाही. हाताला सलाईन, लघवीला नळी, बोटाला चिमटा. शुद्धीवर आल्या त्या आयसीयूत, जिथे खिडकी नाही आणि दिवे चोवीस तास चालू. पहिला दिवस बरा जातो, आजी बोलतात, चहा मागतात, घरचे निःश्वास सोडतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या रात्री आजी सलाईनची नळी उपसून काढतात. गाय सुटलीय, वासरू सगळं दूध पिऊन टाकेल, मला गोठ्यात जाऊ द्या, म्हणून पलंगावरून उतरू बघतात. सुनेला म्हणतात, तू मला विष घालतेस. सकाळी नातवाला नावाने हाक मारतात, संध्याकाळी त्याला चोर समजतात.

वैद्यकशास्त्र याला डिलिरियम म्हणतं. घरचे म्हणतात वात झाला, डोकं फिरलं, कुणी तर हळूच अंगारा आणतं. घाबरलेल्या माणसांना जे सुचतं ते ती करतात, त्याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण हे वेड नव्हे आणि बहुतेक वेळा विस्मृतीचा जुना आजार अचानक उफाळलाय असंही नव्हे. विस्मृतीचा आजार महिन्यावर्षांनी चढत जातो. हे काही तासांत येतं, आणि दिवसभरात कमीजास्त होत राहतं. अमेरिकेत सत्तरीपुढच्या, आधी विस्मृतीचा आजार नसलेल्या ५६० जणांच्या ठरवून केलेल्या मोठ्या ऑपरेशनांचा मागोवा घेतला, तेव्हा जवळपास दर चौथ्या माणसाला डिलिरियम झाला होता. खुब्याचं हाड मोडलेल्यांत हे प्रमाण आणखी वर जातं. बॉस्टनमध्ये एडवर्ड मार्कँटोनियो यांनी केलेल्या २००१ सालच्या अभ्यासात नेहमीची देखभाल मिळालेल्या गटात निम्म्या रुग्णांना तो झाला होता.

नळी उपसणाऱ्या आजी निदान सगळ्यांच्या लक्षात येतात. खरी भीती दुसऱ्या प्रकाराची आहे. त्यात माणूस गप्प होतो. हाक मारली की डोळे उघडतो, पुन्हा मिटतो, दोन घास कसेबसे गिळतो, भिंतीकडे बघत राहतो. वॉर्डातल्या मावशी कौतुकाने म्हणतात, काही त्रास नाही हो या आजींचा. आणि याच आजींचं निदान राहून जातं. अशा माणसाला न्यूमोनिया आणि पाठीच्या जखमा सहज गाठतात, कारण तो कूस बदलत नाही, खोकत नाही, पाणी मागत नाही.

ओळखायचं कसं, तर त्यासाठी यंत्र लागत नाही. डिलिरियममध्ये सगळ्यात आधी लक्ष सुटतं, आठवण त्यानंतर. म्हणून डॉक्टर महिने उलटे म्हणायला सांगतात. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसाला डिसेंबर-नोव्हेंबर विचारण्यापेक्षा फाल्गुन, माघ, पौष असं मागे जायला सांगितलं तर ती परीक्षा न्यायाची होते. शाळा न पाहिलेल्या आजींना वार उलटे विचारावेत: रविवार, शनिवार, शुक्रवार. काल सरळ मागे गेलेली आजी आज शुक्रवारी अडकते, मग पुन्हा रविवार म्हणते, मग तिची नजर छताकडे वळते. या साध्या प्रश्नात आजार उघडा पडतो. शॅरन इनूये या अमेरिकी वृद्धरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी १९९० साली अशाच खुणांवरून निदानाची एक पद्धत बांधली आणि ती आज जगभर वापरली जाते. त्यातला पहिला प्रश्न डॉक्टरांना स्वतःला सोडवता येत नाही. तो असा: हा बदल अचानक झाला का? याचं उत्तर घरच्यांकडेच असतं. ‘आमची आई अशी नाहीये’ हे मुलीचं वाक्य तपासणीचा पहिला अहवाल असतो, आणि ते ‘म्हातारपणी होतंच असं’ म्हणून उडवून लावणं ही चूक आहे, मग ते म्हणणारा कितीही मोठा डॉक्टर असो.

मेंदूच्या आत काय चाललेलं असतं? त्याचा एक धागा आपल्या बांधाबांधावर उगवतो. धोतऱ्याच्या बिया पोटात गेल्या तर माणूस बरळतो, नसलेलं बघतो, हवेतून काहीतरी वेचत राहतो, हे खेड्यात सगळ्यांना ठाऊक असतं. धोतऱ्यातली द्रव्यं ॲसिटिलकोलीन नावाच्या निरोप्या रसायनाची वाट अडवतात. लक्ष एका जागी धरून ठेवायला मेंदू मुख्यत्वे हेच रसायन वापरतो. वयानुसार त्याचा पुरवठा आटत जातो. आणि नवलाची गोष्ट म्हणजे सर्दीच्या आणि अंगावरच्या खाजेच्या जुन्या गोळ्या, लघवी वारंवार होऊ नये म्हणून दिली जाणारी काही औषधं, नैराश्यावरची काही जुनी औषधं हीसुद्धा, धोतऱ्याहून कमी जोराने का होईना, तीच वाट अडवतात. म्हणून सर्दीची साधी गोळीही ऑपरेशननंतरच्या ऐंशीच्या माणसाला भारी पडू शकते.

दुसरा धागा सुजेचा. खुब्याशी मांस कापलं, हाडात खिळा ठोकला की शरीर त्या जागी दुरुस्तीची फौज धाडतं आणि रक्तात रासायनिक इशारे सुटतात. मेंदूभोवती एक चाळणी असते जी एरवी अशा गोष्टी अडवते. वयाने ती थोडी सैल होते. इशारे आत पोहोचतात आणि मेंदूतल्या राखणदार पेशी जाग्या होऊन आसपासच्या पेशींचं कामकाज बिघडवतात. मांडीतल्या जखमेची बातमी अशी डोक्यात पोहोचते. यावर संशोधन अजून चालू आहे, आणि हा सगळ्याचा एकच उलगडा आहे असं कुणी मानत नाही. झोपेचं खोबरं, रक्तातलं सोडियम घसरणं, लघवी तुंबणं, चार दिवस पोट साफ न होणं, यातलं प्रत्येक कारण पुरेसं ठरू शकतं. बद्धकोष्ठ माणसाचं भान हिरावू शकतं हे पहिल्यांदा ऐकताना खरं वाटत नाही.

मग एकाच वॉर्डात, एकाच ऑपरेशननंतर, एका आजोबांना काहीच होत नाही आणि शेजारच्यांना होतं, हे कसं? विहिरीत पाणी भरपूर असताना मोटर दोन तास जास्त चालली तरी काही कळत नाही. मे महिन्यात तेवढ्याच उपशाने तळ दिसतो. कमी ऐकू येणं, अंधूक दिसणं, आधीची थोडी विस्मृती, कमी खाणं, नैराश्य, अनेक गोळ्या, यांनी पातळी आधीच खाली आणलेली असते. ऑपरेशन हा शेवटचा उपसा.

आता भुलीकडे येऊ, कारण घरोघर आरोपी तीच असते. ‘भूल दिली तेव्हापासून वडील पहिल्यासारखे राहिले नाहीत’ हे वाक्य मराठी घरांत जितकं ऐकू येतं तितकंच ते ऑक्सफर्डच्या पी. डी. बेडफर्ड यांनाही ऐकू येत होतं. त्यांनी पन्नाशीपुढच्या, भूल घेतलेल्या ११९३ रुग्णांची माहिती तपासली आणि १९५५ साली ‘लान्सेट’मध्ये वृद्धांच्या मेंदूवर भुलीच्या होणाऱ्या दुष्परिणामांबद्दल लिहिलं. तक्रार खरी होती, हे आज सगळे मानतात. पण पूर्ण भुलीऐवजी कमरेत इंजेक्शन देऊन अर्धं अंग बधिर केलं तर हे टळेल, ही सोपी आशा मात्र टिकली नाही. २०२१ आणि २०२२ साली दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले, एक उत्तर अमेरिकेतला आणि एक चीनमधला. खुब्याच्या ऑपरेशनसाठी चिठ्ठी टाकावी तशी निम्म्यांना पूर्ण भूल दिली आणि निम्म्यांना कमरेतलं इंजेक्शन. दोन्हीकडे डिलिरियमचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं. मला हा निकाल फार बोलका वाटतो. दोष एका औषधाचा असता तर ते बदलून भागलं असतं.

औषधापलीकडे, रुग्णाच्या भोवतालाकडेही बघायला हवं. म्हणून आयसीयूच्या खिडकीची गोष्ट. १९७२ साली एल. एम. विल्सन यांनी दोन आयसीयूंची तुलना केली. दोन्हींत ऑपरेशन झालेले रुग्ण होते, एकाला खिडक्या होत्या, दुसऱ्याला नव्हत्या. बिनखिडकीच्या आयसीयूत डिलिरियम दुपटीहून अधिक होता. अभ्यास लहान आणि आजच्या कसोट्यांना थोडा कच्चा आहे, पण त्याने विचारलेला प्रश्न इमारती बांधणाऱ्यांनी अजून पुरेसा मनावर घेतलेला नाही.

मनावर घेतला तो इनूये यांनी. येल विद्यापीठाच्या इस्पितळात त्यांनी सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवर एक प्रयोग केला, तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. हे ऑपरेशनचे नव्हे, औषधोपचारासाठी भरती झालेले रुग्ण होते. त्यांच्यासाठी केलेल्या गोष्टींची यादी वाचताना हा नामांकित वैद्यकीय नियतकालिकातला लेख आहे हे विसरायला होतं. रुग्णाला नावाने हाक मारून आजचा वार आणि दिवसाचा बेत सांगायचा. चष्मा आणि कानाचं मशीन परत द्यायचं, कानात मळ असेल तर काढायचा. दिवसातून तीनदा चालवायचं. पाणी पाजायचं. रात्री झोपेची गोळी देण्याऐवजी कोमट दूध, पाठ चोळणं, मंद संगीत, आणि औषधांच्या वेळा अशा लावायच्या की मध्यरात्री उठवावं लागू नये. यातलं बरंच काम प्रशिक्षित स्वयंसेवक करत. नेहमीच्या देखभालीत १५ टक्के लोकांना डिलिरियम झाला, या गटात ९.९ टक्के. २०१७ साली तैवानमधल्या परिचारिकांनी पोटाचं मोठं ऑपरेशन झालेल्या ३७७ रुग्णांवर याची सुटसुटीत आवृत्ती करून पाहिली. रुग्णाशी बोलून त्याला जागेवर आणणं, तोंड स्वच्छ करून नीट जेवू घालणं आणि लवकर उठवून चालवणं, एवढीच तीन कामं. प्रमाण १५.१ टक्क्यांवरून ६.६ टक्क्यांवर आलं. उलट हॅलोपेरिडॉल हे वर्षानुवर्षं वापरलं जाणारं औषध २०१८ साली आयसीयूतल्या रुग्णांवर काटेकोरपणे तपासलं, तेव्हा औषध नसलेल्या इंजेक्शनपेक्षा त्याने डिलिरियमचे दिवस कमी केले नाहीत. दात घासणं औषधाला सरस ठरावं, याचा आनंद मला लपवता येत नाही.

ही यादी वाचताना आपल्याकडचा जनरल वॉर्ड डोळ्यांसमोर येतो. पलंगाखाली चटई टाकून झोपलेली मुलगी, थर्मासमधलं दूध, पाय चेपून देणारी बहीण, पेपर वाचून दाखवणारा जावई. अमेरिकेत ज्यासाठी स्वयंसेवक तयार करावे लागले, ते बळ आपल्याकडे पलंगाशेजारी आपण होऊन बसलेलं असतं. आणि नेमकं सगळ्यात जास्त गरज असते त्या वेळी, आयसीयूच्या दारात, आपण त्याला बाहेर थांबवतो. जंतुसंसर्गाची आणि गर्दीची भीती खरी आहे, ती मी हलक्यात घेत नाही. पण हात धुतलेला, नळ्यांना हात न लावणारा एकच माणूस संध्याकाळी आजींजवळ बसला, तर त्याला पाहुणा न समजता उपचाराचा भाग समजावं, असं मला ठामपणे वाटतं. आजींचे हात पलंगाला बांधून ठेवण्यापेक्षा तरी ते नक्कीच बरं. बांधलेले हात घाबरलेल्या माणसाला त्याची भीती खरी असल्याचा पुरावा देतात, आणि बांधून ठेवणं हे स्वतःच डिलिरियम ओढवणाऱ्या कारणांपैकी एक आहे.

जवळ बसणाऱ्याने वाद घालू नये. वासरू नाहीच आहे हे पटवून देण्यात रात्र जाते आणि आजी अधिकच बिथरतात. ‘आई, मी शैला. आपण दवाखान्यात आहोत. तुझ्या मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालंय. सकाळचे नऊ वाजलेत, आज मंगळवार. गुरांकडे दादा बघतोय.’ सावकाश, एका वेळी एक वाक्य, चेहरा समोर ठेवून. थोड्या वेळाने पुन्हा तेच. चष्मा आणि कवळी रिकव्हरीच्या खोलीतच परत मागावी. दुखतंय का हे विचारत राहावं, कारण न शमलेली वेदनाही भान घालवते आणि म्हातारी माणसं न विचारता सांगत नाहीत. घरी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी भूलतज्ज्ञाला द्यावी, रात्रीच्या झोपेच्या गोळीसकट. आजोबा रोज दारू घेत असतील किंवा आजी मिश्री लावत असतील तर तेही संकोच न करता सांगावं. दारू अचानक सुटल्याने येणारा डिलिरियम वेगळा असतो आणि त्याचे उपचारही वेगळे असतात.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळबद्दलही सांगायला हवं. बॉस्टनच्याच मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लॉरेन्स एग्बर्ट आणि सहकाऱ्यांनी पोटाचं ऑपरेशन होणाऱ्या ९७ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला भूलतज्ज्ञाने जाऊन नीट सांगितलं: कुठे दुखेल, किती दुखेल, किती दिवस, आणि स्नायू कसे सैल सोडायचे, कूस कशी वळवायची. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना कोण कोणत्या गटात आहे ते माहीत नव्हतं. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ज्यांच्याशी बोलणं झालं होतं त्यांना वेदनाशामक निम्म्याने कमी लागलं, आणि ते घरीही लवकर गेले. हे रुग्ण सगळे म्हातारे नव्हते. पण आपल्याकडे ‘म्हाताऱ्या माणसाला उगाच कशाला घाबरवायचं’ म्हणून ऑपरेशनची सगळी चर्चा मुलाशी दाराबाहेर होते. आजी पलंगावर एकट्या, आपल्याला काय होणार आहे हे न कळता, रात्र काढतात. त्यांच्या मनात आधीच उदासी घर करून असेल, आजोबा गेल्यापासून जेवण तुटलं असेल, तर तीही विचारून घ्यायची हीच वेळ असते.

डिलिरियम बहुतेकांचा काही दिवसांत ओसरतो, काहींना आठवडे लागतात. वर सांगितलेल्या ५६० जणांचा पुढे सहा वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा ज्यांना डिलिरियम झाला होता त्यांची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती इतरांपेक्षा वेगाने उतरत गेलेली दिसली. तो झाल्यामुळे असं होतं की आधीच नाजूक असलेल्या मेंदूची ती खूण असते, यावर तज्ज्ञांत वाद चालू आहे.

घरी आल्यावर आजी त्या रात्रींबद्दल काही बोलत नाहीत आणि आपण समजतो, बरं झालं, विसरल्या. कर्करोगाच्या रुग्णांवरच्या एका अभ्यासात डिलिरियममधून बाहेर आलेल्या निम्म्याहून जास्त लोकांना तो आठवत होता, आणि जे गप्प पडून होते त्यांनाही तो तितकाच त्रास देऊन गेला होता. जवळच्या माणसांचा त्रास तर त्यांच्याहूनही मोठा होता. म्हणजे सुनेला विष घालतेस म्हणालेल्या आजींना ते आठवत असू शकतं, सुनेला तर आठवतंच, आणि दोघी त्यावर गप्प असतात. अशा वेळी घरातल्या कुणीतरी बसून सरळ सांगावं की तो ऑपरेशननंतरचा आजार होता, बोलत होता तो आजार, आणि तो पुष्कळांना होतो. डिस्चार्ज कार्डावर डिलिरियम झाल्याची नोंद डॉक्टरांकडून मागून घ्यावी. पुढे कधी दुसरं ऑपरेशन ठरलं, दाताचं असो की डोळ्याचं, तर भूलतज्ज्ञाने सगळ्यात आधी वाचावा असा कागद तोच.